विहिरीचा प्रश्न

माझ्या पिढीचे लोक पन्नाशी ओलांडून बसलेत, त्यांनी गुडघे बदलून घेतलेत, मुलं परदेशी पाठवलीत आणि आता त्यांना ‘विचारा तर खरं’ पुन्हा बघायचं आहे. नुसतं बघायचं नाही, डोळे पुसत बघायचं आहे. त्या कार्यक्रमाच्या नावाने फोनवर ग्रुप आहेत, चहाचे मग आहेत, टी-शर्ट आहेत. गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने लग्नाच्या वाढदिवसाला बँडवर त्याचं शीर्षकगीत वाजवलं, तर निम्मा हॉल रडत होता. मी हे टोमणा मारल्यासारखं सांगते आहे, पण माझ्या फोनची रिंगटोनही परवापर्यंत तीच होती.

ज्यांचा जन्म त्यानंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगते. १९९०च्या आसपास दर रविवारी सकाळी हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. तो नाशिकच्या अभिनव चित्रकेंद्रात तयार व्हायचा. राज्यभरातली मुलं पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायची. ज्याचं कार्ड निवडलं जाई त्या मुलाने स्टुडिओत येऊन आपला प्रश्न स्वतः विचारायचा आणि मोरूमामांनी, म्हणजे मोरेश्वर खांबेट्यांनी, टेबलावर बरणी, मेणबत्ती, दोरा असलं काहीबाही मांडून उत्तर शोधायचं. प्रयोग पुष्कळदा फसायचा. मग मामा कॅमेऱ्याकडे वळून विचारायचे, “चुकलं?” आणि सगळी मुलं ओरडायची, “पुन्हा करून पाहू!” आमच्या शाळेत चुकलं की हातावर छडी बसायची. त्यामुळे त्या तीन शब्दांचं आम्हाला काय वाटायचं, ते आता सांगून कळणार नाही.

या कार्यक्रमाचा एकही भाग शिल्लक नव्हता. केंद्राकडे टेपांची टंचाई, म्हणून एका टेपवर दुसरा कार्यक्रम, त्यावर तिसरा, असं चालायचं. त्या पुसलेल्या टेपांखालचं वाचणारं यंत्र मी तयार केलं. मी वनमाला तायडे, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. मी याच कामाच्या मागे का लागले, त्याचं कारण असं की मीही त्या कार्यक्रमात जाऊन आले होते आणि तरी कोणाला दिसले नव्हते.

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याजवळ. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी नऊ वर्षांची असताना माझं पोस्टकार्ड निवडलं गेलं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट आणि उन्हाळ्यात गार का असतं, एवढाच माझा प्रश्न होता. बाबा मला गाडीने नाशिकला घेऊन गेले. दिव्यांचा उकाडा, मामांचा खादीचा झब्बा, माझ्या डोक्यावर ठेवलेला त्यांचा हात आणि “शाब्बास!” एवढं मला लख्ख आठवतं. परत आल्यावर बाबांनी गावभर सांगितलं. त्या रविवारी दुकानासमोर भाड्याचा टीव्ही मांडला, गल्ली गोळा झाली. आणि पडद्यावर रिबिनी बांधलेली केतकी नावाची एक गोरीगोमटी मुलगी आली आणि माझाच प्रश्न विचारून गेली. “विहिरीला ऋतू कसा कळतो?” हे तिचं वाक्य आज त्या टी-शर्टांवर छापलेलं असतं.

त्यानंतर गावाने बाबांचं नाव ‘टीव्हीवाले’ ठेवलं. म्हातारी माणसंसुद्धा चिडवायची. बाबा हसून पंक्चर काढत बसायचे.

मामांचं पत्र आलं. टेप खराब झाली, तुझं गाव लांब, म्हणून इथल्याच एका मुलीला घेऊन प्रश्न पुन्हा चित्रित करावा लागला, मनाला लावून घेऊ नकोस, असं त्यात होतं. मी उलट विचारलं, टेप खराब होते म्हणजे तिला काय होतं? त्यावर त्यांनी चुंबकाच्या कणांची चित्रं काढून मला सगळं समजावलं. तिथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. दहावीनंतर मला नाशिकच्या कॉलेजात त्यांनीच घातलं, वसतिगृह त्यांनीच बघून दिलं. मी संशोधक झाले तेव्हा वर्तमानपत्रात मी म्हटलं होतं की एका खराब टेपने मला घडवलं. लोकांना ते वाक्य फार आवडलं.

आता यंत्राबद्दल. टेपवर लोखंडाच्या संयुगाचे बारीक कण असतात. चित्रीकरण करताना चुंबकाचं डोकं, म्हणजे रेकॉर्डरचं हेड, त्यांना विशिष्ट दिशांना वळवतं, ती वळणं म्हणजेच चित्र. नवीन कार्यक्रम भरला की कण पुन्हा वळतात, पण सगळे नाही. डोकं दर वेळी केसाइतकं इकडेतिकडे सरकतं आणि पट्ट्याच्या कडेला जुन्या वळणांची एक बारीक किनार उरते. काही कण खोलवर हट्टी असतात, ते जागचे हलतच नाहीत. ही किनार इतकी क्षीण असते की आजवर ती वाचता येत नव्हती. आम्ही त्यासाठी कृत्रिम हिऱ्याची सुई वापरली. हिऱ्यातला एक कार्बनचा अणू काढून तिथे नायट्रोजन बसवला आणि शेजारची जागा मोकळी ठेवली, की त्या मोकळ्या जागेतले इलेक्ट्रॉन शेजारच्या कणाचं चुंबकत्व ओळखू शकतात. ही सुई टेपवरून फिरते, आणि मग संगणक कुठलं वळण कुठल्या थराचं ते वेगळं काढतो.

यात एक मोह आहे. जिथे काहीच उरलेलं नाही तिथे संगणक अंदाजाने चित्र भरू शकतो, आणि इतकं बेमालूम भरतो की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी पहिल्या दिवसापासून ते बंद ठेवलं आहे. नाही सापडलं तिथे काळं राहील. हे भाग दाखवणारे आयोजक माझ्यावर वैतागतात, वैतागू देत.

यंदा मामांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली म्हणून नाशिकला त्यांचा मोठा सत्कार ठरला. त्यात सापडलेले भाग दाखवायचे, आणि अर्थातच विहिरीचा भाग हवाच. ती टेप आम्हाला एका गोदामात मिळाली. सगळ्यात वर शेतीचा कार्यक्रम होता, त्याखाली कोणाचं तरी भाषण, त्याखाली केतकी. आणि केतकीच्या खाली आणखी एक थर होता.

पडद्यावर दोन वेण्यांची, काळीसावळी, डोळे मोठे केलेली मी आले. आवाज अजून नव्हता, कारण आवाज टेपच्या कडेच्या अरुंद पट्टीवर असतो आणि तो वेगळा करायला वेळ लागतो. मी स्वतःला बघून आधी हसले. मग कामाच्या सवयीने थराची तपासणी केली. टेप खराब होते म्हणजे काय होतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल? चुरगळली असती तर आडवी रेघ दिसली असती, लेप उडाला असता तर पांढरे ठिपके दिसले असते, ओल धरली असती तर चित्र थरथरलं असतं. यातलं काही नव्हतं. माझा प्रश्न, मामांचा प्रयोग, डोक्यावरचा हात, सगळं अखंड होतं. त्या टेपला काहीही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आवाजाचा पहिला भाग हाती आला. माझाच आवाज, चिमणीसारखा. “मामा, हिवाळ्यात विहिरीचं पानी ऊन रायते अन् उन्हाळ्यात थंडं रायते, ते काहून? विहिरीले कोन सांगते, आता हिवाळा आला म्हून?”

त्यानंतर “शाब्बास!” आणि मग “कट.” पुढचा आवाज अजून यंत्रावर वेगळा होत होता. मी तो यायची वाट न बघता इथेच नाशिकमध्ये, गंगापूर रोडला मामांच्या घरी गेले.

मामा गच्चीत झाडांना पाणी घालत होते. मला बघून नेहमीसारखे खुलले. “ये वनमाला! सापडली का विहीर?”

“सापडली. मामा, माझी टेप खराब झालीच नव्हती.”

त्यांनी झारी खाली ठेवली. हात पुसायला बराच वेळ लावला. नाकबूल केलं नाही, एवढं मात्र खरं.

“प्रश्न फार सुंदर होता गं,” ते म्हणाले. “म्हणून तर ठेवला.”

“प्रश्न ठेवलात. मला काढलंत.”

“तुला नाही, तुझ्या बोलण्याला. तेव्हाचे दिवस वेगळे होते. राज्यभर शाळा कार्यक्रम बघायच्या. मुलांच्या कानावर अशुद्ध पडायला नको, अशी पत्रं यायची. निर्णय माझाच होता, मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.”

“आणि मला चित्रं काढून पाठवलीत ती? ते चुंबकाचे कण?”

“त्यातलं विज्ञान खरं होतं.”

मला ओरडावंसं वाटलं. या माणसाने मला भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आजारपणात घरून डबा पाठवला होता, आणि तेवढी सगळी वर्षं तो एक लहानसं खोटं रोज ताजं ठेवत आला होता. मी म्हटलं, “परवा मी तो थर दाखवणार आहे.”

“दाखव ना!” ते एकदम उत्साहाने म्हणाले. “दाखवच. लोकांना कळू दे विहिरीवाली मुलगी खरी कोण ते. फक्त एक कर. तुझ्या संगणकाला उच्चार सुधारता येतात की नाही? चेहरा तुझा, आवाज तुझा. तेवढं ‘काहून’ अन् ‘पानी’ नीट करून घे. तुला तुझं श्रेय मिळेल, आणि कार्यक्रमालाही बोल लागणार नाही.”

हे ते खरंच प्रेमाने सांगत होते. त्यामुळे ते अधिकच असह्य झालं.

“मामा, तुम्ही आजही तेच करताय.”

त्यांनी झारी पुन्हा उचलली. मी जिना उतरायला लागले तेव्हा वरून त्यांचा आवाज आला. “कटच्या पुढचं ऐकलंस का?”

“अजून नाही.”

“ते ऐक. मग ठरव.”

प्रयोगशाळेत परत येईपर्यंत उरलेला आवाज तयार झाला होता. ‘कट’ म्हटल्यावरही टेप थोडा वेळ चालू राहिली होती. चित्रात रिकामं टेबल दिसत होतं, आणि कोणीतरी माझ्यासाठी सरबत आणायला सांगत होतं. मग मामांचा तरुण आवाज आला. “पोरगी हुशार आहे हो, पण हे असं नाही दाखवता येणार. उद्या इथल्याच शाळेतल्या मुलीला घेऊन प्रश्न पुन्हा घेतो. वाईट वाटून घेऊ नका.”

मग दुसरा आवाज आला. तो ओळखायला मला संगणकाची गरज नव्हती.

“तुमचं बराबर हाय साहेब. तुमी शिकलेले लोक. पन तिले हे सांगू नका.”

“अहो, पण ती विचारेल ना?”

“टेप खराब झाली म्हना. माह्या बोलन्यातच खोट हाय असं तिले वाटलं, त ते पोरगी पुन्हा तोंड उघडनार नाई. टेपचं काय हाय, टेपले थोडंच वाईट वाटते.”

मामांचा राग आला तेव्हा मी ताडकन उठून जिने चढून गेले होते. हे ऐकल्यावर मात्र मी मागे जाऊन तेवढाच आवाज पुन्हा लावला.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. आता ऐंशी झाली त्यांना, दोन्ही कानांत यंत्रं आहेत. मी दुपारी घरी गेले तेव्हा ते शेजाऱ्यांच्या मुलाची सायकल उलटी करून बसले होते. मी भिंतीवरचा पडदा सुरू करून तो भाग लावला.

“अरे! हे त तू!” बाबा पाना हातात घेऊन तसेच पडद्याजवळ गेले. “पाह्य, पाह्य कशी बोलते. बिलकुल भेत नाई.”

ते इतके आनंदले की मला थांबवावंसं वाटलं. मी थांबवलं नाही. कट झालं, सरबत झालं, मामांचं बोलणं झालं आणि बाबांचा स्वतःचा आवाज खोलीत आला. त्यांनी पाना हळूच खाली ठेवला.

“सापडलं म्हना शेवटी,” ते म्हणाले.

“तुम्ही मला का नाही सांगितलं?”

“काय सांगू? तुही भाषा चालत नाई म्हून? तेच भाषा माही होय, तेच तुह्या मायची. कोन्त्या तोंडानं सांगू?”

“गाव तुम्हाला टीव्हीवाले म्हणायचं. तुम्ही ऐकून घेत राहिलात.”

“मले म्हनत होते ना. तुले त नाई म्हनत.”

“बाबा, मी आयुष्यभर त्या टेपला काय झालं ते शोधत राहिले. सगळं शिक्षण त्यासाठी केलं. आणि तिला काही झालंच नव्हतं! मी परीक्षांना बसत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. पहिलं यंत्र चाललं तेव्हा तुम्ही आळीभर पेढे वाटलेत, तेव्हाही माहीत होतं.”

“मले वाटलं तू इसरशीन. तू इसरली नाई. मंग म्हटलं, त्याच्या पायी पोरगी शिकू रायली, त शिकू दे.” ते खाली बसले. “अन् एक दिवस सांगाचंच होतं. तू कालेजातून सुट्टीत घरी आली, तवा सांगनार होतो. पन तू दारातून आली अन् त्या नाशिकवाल्यायसारखीच बोलाले लागली. तुही माय सैपाकघरात जाऊन रडली. मी म्हटलं, आता सांगून काय फायदा?”

मी काहीही उत्तर दिलं असतं तरी ते प्रमाण मराठीतच आलं असतं. मी त्यांच्यावर चिडले होते, आणि चिडायला माझ्याकडे त्यांची भाषासुद्धा उरली नव्हती. दोघांनी मिळून मला जपलं होतं, आणि त्या जपण्यात मी कुठेच नव्हते. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

संध्याकाळी बाबा दारात येऊन उभे राहिले. “लाव परवा. सगळं लाव. बाप भेला होता, हे बी समजू दे लोकायले.”

सत्काराला सभागृह तुडुंब भरलं होतं. केस रंगवलेली, चष्मे लावलेली माझी सगळी पिढी विहिरीचे टी-शर्ट घालून आली होती. मंचावर मामा फेटा बांधून बसले होते. बाबांना मी पहिल्या रांगेत बसवलं. केतकीचा भाग लागला आणि लोकांनी तिच्याबरोबर मोठ्याने ते वाक्य म्हटलं. मग मी माइकवर एवढंच बोलले, “याच्या खाली आणखी एक थर आहे. यात मी काहीही भरलेलं किंवा काढलेलं नाही.”

मी पडद्यावर आले. “विहिरीले कोन सांगते?” म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला. वाईट नव्हता, लाडाचा होता. “आई गं, किती गोड!” असं कोणीतरी म्हणालं. मग कट आलं. मग तो संवाद. बाबांनी आपला आवाज सुरू होताच दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात टाकलेली मी वरून पाहिली. तेवढं त्यांना पुन्हा ऐकवेना.

टेप संपली तेव्हा सगळे गप्प होते. मला वाटलं, कळलं यांना. ज्याच्यासाठी डोळे पुसत आले होते त्यात काय होतं, ते कळलं.

मामा उठले आणि मंचाच्या कडेला आले. त्यांना माइक कसा धरायचा हे कोणी शिकवायला नको. “मुलांनो,” ते त्या पन्नाशी ओलांडलेल्या मुलांना म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. “तुमचा मामा चुकला. पण त्या बापाचं प्रेम ऐकलंत? आपल्या लेकराला लागू नये म्हणून खोटं स्वतःच्या अंगावर घेणारा तो बाप आज इथे समोर बसलाय. मी फक्त त्याचा शब्द पाळला.” पुढे ते क्षणभर थांबले. किती थांबायचं तेही त्यांना ठाऊक होतं. “आणि मुलांनो, चुकलं की काय म्हणायचं?”

“पुन्हा करून पाहू!” अख्खं सभागृह गरजलं. कोणीतरी शीर्षकगीत लावलं. लोक उठून उभे राहिले, रडायला लागले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. परवा गच्चीत त्यांनी काय सुचवलं होतं ते या गर्दीत कोणालाच माहीत नव्हतं. माइक माझ्याही हातात होता. पण त्या गाण्यावरून ओरडून मी काय सांगणार होते, आणि कोणत्या भाषेत? केवढी मोठी फसवणूक मी त्यांच्यापुढे उघडी करून ठेवली होती, आणि त्यांनी तिचाही एक छान भाग करून टाकला. अगदी माझ्या हातांनी.

मी माइक ठेवला आणि खाली उतरले. बाबा खुर्चीचा हात धरून उठले होते आणि आता टाळ्या वाजवत होते. कानांतली यंत्रं अजून खिशातच होती. मामा काय बोलले, त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांना दिसत होता तो फक्त पडद्यावर थांबलेला माझा चेहरा, आणि पाठीमागे उभं राहिलेलं सगळं सभागृह.

“एवढे लोक उभे रायले वं वने!” ते मला जवळ ओढून म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नव्हतं. “तुह्यासाठीच ना?”

मंचावर मामा हात जोडून चारी बाजूंना नमस्कार करत होते.

मी बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, “हो बाबा. माझ्यासाठीच.”

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.